केसांतील शिसें

१८०२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत व्हिएन्ना शहराबाहेरील हायलिगेनश्टाट या खेड्यांत राहून लुडविग फान बेथोव्हेन यानें आपल्या बंधूंस उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिलें. त्या वेळीं तो अवघा एकतीस वर्षांचा होता, आणि त्याचे कान निकामी होत चालले होते. संगीतकारास बहिरेपण यावें याहून दैवाची क्रूर थट्टा ती कोणती! लोक आपणांस तुसडा, माणूसघाणा म्हणतात, पण त्याचें कारण त्यांस ठाऊक नाहीं, हें शल्य त्या पत्रांत उघड झालें आहे. आपल्या मरणानंतर वैद्यानें आपल्या रोगाचें वर्णन लिहून तें या पत्रास जोडावें, म्हणजे जगाचा ग्रह निदान मागाहून तरी निवळेल, अशी इच्छाही त्यानें त्यांत नमूद करून ठेविली. पत्र त्यानें कोणास धाडलें नाहीं; तें त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सांपडलें. ज्या डॉक्टर श्मिटवर हें काम सोंपविलें होतें तो तर १८०९ सालींच वारला होता.

बेथोव्हेन मरण पावला तो २६ मार्च १८२७ रोजीं. दुसऱ्या दिवशीं डॉक्टर वाग्नर यानें शवाची चिकित्सा केली. यकृत आकसून कठीण झालेलें आढळलें व कानाकडील मज्जातंतु सुकलेले दिसले. हें असें कां झालें याचा उलगडा मात्र त्या काळच्या वैद्यकास होण्यासारखा नव्हता. इकडे अंत्यदर्शनास येणारे चाहते आठवण म्हणून केसांची एकेक बट कापून नेत होते. त्यांत फर्डिनांड हिलर नांवाचा पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. त्यानें नेलेली बट पुढें १८८३ सालीं आपल्या मुलास वाढदिवसाची भेट म्हणून दिली. त्यानंतर ती कोठें कोठें फिरली याचा माग नीट लागत नाहीं. नाझींच्या भयानें डेन्मार्कमधील यहुदी लोक समुद्रमार्गें स्वीडनकडे पळत होते, त्या १९४३ सालीं गिलेलाय या कोळ्यांच्या गांवीं तेथील डॉक्टरच्या हातीं ती आली. आणि १९९४ सालीं लंडनच्या लिलांवांत अमेरिकेंतील कांहीं बेथोव्हेनभक्तांनीं ती विकत घेतली. १८०२ सालीं मागितलेलें रोगवर्णन या केसांतून वाचतां येईल अशी आशा उत्पन्न झाली ती तेव्हां.

केसांतून रोग वाचावयाचा तो कसा? श्रोत्यांपैकीं ज्यांनीं आपलें मोडलेलें हाड रुग्णालयांत दाखविलें असेल त्यांस क्ष-किरणांचें छायाचित्र परिचित आहे. १८९५ च्या नोव्हेंबरांत वुर्त्सबुर्ग येथें रोंटगेन यानें हे किरण शोधून काढले आणि सुमारें दीड महिन्यांत पत्नीच्या हाताचें, बोटांतील अंगठीसुद्धां, चित्र घेतलें. परंतु तें चित्र म्हणजे केवळ सांवली. पदार्थ किती दाट आहे हें ती सांगते. तो कशाचा आहे हें सांगत नाहीं. त्यासाठीं या किरणांचा दुसराच गुण उपयोगी पडतो. क्ष-किरणांचा आघात झाला म्हणजे अणूच्या अगदीं आंतल्या कक्षेंतला एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेंकला जातो. त्याची रिकामी जागा भरण्याकरितां बाहेरच्या कक्षेंतला इलेक्ट्रॉन आंत उतरतो, आणि उतरतांना उरलेली शक्ति नव्या क्ष-किरणाच्या रूपानें सोडून देतो. ही शक्ति प्रत्येक मूलद्रव्याची निराळी असते. या विशिष्ट किरणांचा शोध लावणाऱ्या बार्क्ला या इंग्रज शास्त्रज्ञास १९१७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. पण त्यांतील नियम उकलला तो हेन्री मोस्ली या तरुणानें, १९१३ सालीं. मूलद्रव्यांस ओळीनें जो अनुक्रमांक द्यावा त्याच अनुरोधानें हे किरणही पायरीपायरीनें चढत जातात, असें त्यानें दाखविलें. ओळींत कोठें पायरी चुकलेली दिसली, तर तेथें अद्याप न सांपडलेलें मूलद्रव्य असलें पाहिजे! याच खुणेनें पुढें १९२३ सालीं कोपनहेगन येथें बहात्तरावें मूलद्रव्य, हाफ्नियम, हातीं लागलें. मोस्ली तें पाहण्यास उरला नव्हता. १९१५ च्या ऑगस्टांत गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून तो पडला, तेव्हां त्याचें वय सत्तावीस वर्षांचें होतें. महायुद्धानें शास्त्राची केलेली याहून मोठी हानि दाखविणें कठीण.

केस हा या परीक्षेस विशेष अनुकूल. तो महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो व वाढतांना रक्तांतील द्रव्यें आपल्यांत सांठवून ठेवतो; म्हणजे बोटभर केसांत कांहीं महिन्यांची रोजनिशीच लिहिलेली असते. बाहेरची धूळ व तेल त्याला चिकटतें हा धोका खरा. म्हणून केसाच्या जाडीहून सूक्ष्म असा किरण टाकून, द्रव्य आंत आहे कीं नुसतें वर बसलें आहे, हें पाहावें लागतें. असा तीक्ष्ण किरण शिकागोजवळील आर्गोन प्रयोगशाळेंत मिळतो. तेथें एक किलोमीटरहून अधिक परिघाच्या कड्यांतून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें फिरविले जातात, आणि वळणावर ते क्ष-किरण सांडतात. आपल्याकडे होळकरांच्या इंदुरांतही ‘इंडस-२’ नांवाचें असेंच, आकारानें लहान, कडें आहे. या परीक्षेचा मोठा गुण असा कीं, तींत नमुना जळत नाहीं कीं विरघळत नाहीं. परीक्षा झाली तरी केस शिल्लक राहतो.

हिलरच्या बटेंतील कांहीं केस या किरणांखालीं ठेवण्यांत आले आणि २००० सालीं निकाल प्रसिद्ध झाला. पारा सांपडला नाहीं. त्या काळीं उपदंशावर पारा देत असत. तेव्हां बेथोव्हेनला तो रोग होता या जुन्या कुजबुजीस त्यामुळें धक्का बसला. शिसें मात्र आढळलें, तें सामान्य माणसाच्या सुमारें शंभर पट! शिशानें पोट बिघडतें, स्वभाव चिडखोर होतो, ऐकूंही कमी येऊं शकतें. त्या काळच्या स्वस्त द्राक्षासवांत शिशाचा एक गोडसर क्षार घालीत, आणि बेथोव्हेनला द्राक्षासव प्रिय होतें. सारें कसें जुळून आलें. २००५ सालीं, १८६३ मध्यें थडगें उकरलें तेव्हांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कवटीच्या तुकड्यांतही शिसें असल्याचें आर्गोनहून जाहीर झालें. २०१० सालीं न्यूयॉर्कमध्यें त्यांतील मोठा तुकडा पुन्हां तपासला असतां शिशाचें प्रमाण सामान्यच निघालें, तरीही लोकांच्या मनांत शिशाची कथा घर करून बसली.

तिला खरा हादरा दिला तो जनुकशास्त्रानें. बेथोव्हेनच्या म्हणून जपलेल्या आठ बटा घेऊन संशोधकांनीं त्यांतील जनुकद्रव्य वाचलें व २०२३ च्या मार्चमध्यें निष्कर्ष छापला. आठांपैकीं पांच बटा त्याच्याच ठरल्या. त्यांवरून त्याला यकृताच्या विकाराची आनुवंशिक प्रवृत्ति होती व अखेरच्या काळांत काविळीच्या ‘बी’ विषाणूची बाधाही होती, असें दिसून आलें. वाग्नरनें पाहिलेल्या आकसलेल्या यकृताचें कोडें त्यानें बरेंचसें सुटलें. बहिरेपणाचें सुटलें नाहीं. आणि हिलरची बट? ती एका स्त्रीची निघाली. क्ष-किरणांनीं लबाडी केली नव्हती. केसांत काय आहे एवढेंच त्यांना विचारलें होतें व त्याचें उत्तर त्यांनीं चोख दिलें. केस कोणाचा, हें सांगणें त्यांच्या शक्तीबाहेरचें.

तथापि शिशाचें प्रकरण येथेंच मिटलें नाहीं. अस्सल ठरलेल्या बटांतील एकीची कथा मोठी मौजेची आहे. आंतोन हाल्म या पियानोवादकाच्या पत्नीस बेथोव्हेनचे केस हवे होते. मंडळींनीं थट्टेनें तिला बोकडाचे केस पाठवून दिले. ही फसवणूक कळतांच बेथोव्हेन संतापला आणि १८२६ सालीं त्यानें स्वतःची बट कापून हाल्मच्या हातीं दिली. ही आणि आणखी एक अस्सल बट घेऊन अमेरिकेंतील संशोधकांनीं २०२४ सालीं नवी परीक्षा केली. या खेपेस केस विरघळवून, अणूंच्या वजनावरून. दर ग्रॅम केसामागें एकींत २५८ व दुसरींत ३८० मायक्रोग्रॅम शिसें निघालें. सामान्य माणसांत तें चारांच्या आंत असावयाचें. परक्या केसांवरून बांधलेला तर्क खऱ्या केसांनीं असा उचलून धरावा, हा योगायोगच म्हणावयाचा. एवढें शिसें पोटाच्या व कानाच्या दुखण्यास हातभार लावण्याजोगें आहे, परंतु केवळ त्यानें मृत्यु यावा इतकें नाहीं, असा या संशोधकांचा अभिप्राय आहे.

हिलरच्या बटेंतील स्त्री कोण होती, आणि तिचे केस त्या चौकटींत केव्हां व कोणी बसविले, हें कळलेलें नाहीं. तिच्या अंगांत शिसें पुष्कळ होतें, एवढें मात्र आर्गोनच्या नोंदींत आहे.