वैद्यकाच्या दाराआधीची पायरी : भोपाळमधील आरोग्यशिक्षणाच्या पूर्वतयारीचा इतिहास

प्रास्ताविक

डॉक्टर, हकीम, परिचारिका, औषधनिर्माता किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ होण्यासाठी कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, याची चर्चा आपल्या समाजात पुष्कळ होते. त्या प्रवेशाआधी कोणते विषय शिकलेले असावे लागतात, ही चर्चा मात्र बहुधा बारावीचा निकाल लागल्यावर सुरू होते. तोपर्यंत निर्णय होऊन गेलेला असतो. दहावीनंतर घरच्यांनी किंवा मैत्रिणींनी सुचवलेली शाखा घेतली जाते आणि पुढची अर्धी दारे त्याच दिवशी बंद होतात.

हा प्रश्न आजचा नाही. त्याला निदान सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात भोपाळ या एका शहराच्या आधारे तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे. भोपाळची निवड करण्यास तीन कारणे आहेत. एक, येथे मुस्लिम स्त्री-राज्यकर्त्यांनी वैद्यकशिक्षणाला राजाश्रय दिला. दोन, युनानी आणि आधुनिक वैद्यक या दोन्ही परंपरा या शहरात शेजारी शेजारी वाढल्या. तीन, १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाल्यावर नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबे येथे आली आणि या शहराच्या शिक्षणव्यवस्थेशी जोडली गेली.

बेगमांचा काळ : भाषा हीच पूर्वतयारी

युनानी वैद्यक शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याची पारंपरिक तयारी विज्ञानाची नव्हे, भाषेची असे. आधी फारसी, मग अरबी, त्याबरोबर मंतिक म्हणजे तर्कशास्त्र आणि निसर्गविषयक तत्त्वज्ञान, असा क्रम होता. अकबर अर्जानी यांचा फारसीतील ‘मीजानुत्तिब’ हा सुरुवातीचा ग्रंथ. पुढे इब्न नफीस यांचा ‘मूजज’ आणि अखेर इब्न सिना यांचा ‘कानून’. उस्तादाच्या दवाखान्यात बसून नाडी पाहणे आणि नुस्खा लिहिणे हे शिक्षण याच्याबरोबरच होई. साहजिकच, ज्याच्या घरात फारसी-अरबी होती त्यालाच हे दार उघडे होते.

नवाब शाहजहान बेगम यांच्या कारकिर्दीत (१८६८ ते १९०१) लेडी लॅन्सडाऊन यांच्या नावाने स्त्रियांसाठी रुग्णालय उभे राहिले. त्यांच्यानंतर आलेल्या नवाब सुलतान जहान बेगम (१९०१ ते १९२६) यांनी आसिफिया तिब्बिया हा मदरसा काढून युनानी शिक्षणाला उस्ताद-शागिर्द परंपरेतून वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा यांच्या चौकटीत आणले. परिचारिका आणि सुईणी यांच्या प्रशिक्षणाकडेही त्यांनी लक्ष दिले. आरोग्य आणि गृहव्यवस्था या विषयांवर त्यांनी स्वतः उर्दूत पुस्तके लिहिली. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या त्या पहिल्या कुलपती झाल्या, हे सर्वश्रुत आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. परिचारिका हव्या असतील तर लिहिता-वाचता येणाऱ्या मुली हव्यात, आणि अशा मुली हव्या असतील तर पडदा सांभाळून शिकवणारी शाळा हवी. सुलतान जहान बेगम यांची मुलींची सुलतानिया शाळा आणि त्यांचे स्त्री-आरोग्याचे काम ही दोन वेगळी कामे नव्हती. आधीची पायरी बांधल्याशिवाय वरची खोली वापरात येत नाही, हे त्यांच्या कामाच्या रचनेतूनच दिसते.

याच काळाच्या थोडे आधी मुंबई इलाख्यात हाच प्रश्न दुसऱ्या रीतीने सोडवला गेला होता. १८४५ च्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण इंग्रजीत होते. इंग्रजी न शिकलेल्यांसाठी १८६१ मध्ये मराठी आणि गुजराती वर्ग सुरू झाले, आणि त्याच धाग्यातून १८७८ मध्ये पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल आले. पूर्वतयारीची भाषा बदलताच येणारा विद्यार्थी बदलतो, याचा हा आपल्या घरचा दाखला आहे.

‘बी ग्रुप’चे युग

विसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्वतयारीचा अर्थ बदलला. भाषेची जागा विषयांनी घेतली. वैद्यकीय महाविद्यालयात जायचे तर इंटर सायन्स, तेही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन, ही अट रूढ झाली. आपल्याकडील जुने शिक्षक आजही त्याला ‘बी ग्रुप’ म्हणतात. इंटर हा वर्ग शाळेत नसून महाविद्यालयात असे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणजे ज्या गावात विज्ञान महाविद्यालय नाही, त्या गावातून डॉक्टर होणे जवळजवळ अशक्य होते.

भोपाळमध्ये हमीदिया महाविद्यालय १९४६ मध्ये सुरू झाले. ज्यांचे नाव त्याला मिळाले ते नवाब हमीदुल्ला खान स्वतः अलीगढच्या कॉलेजचे पदवीधर होते. १ जून १९४९ रोजी संस्थान भारत सरकारच्या ताब्यात आले. १९५५ मध्ये, भोपाळ अजून स्वतंत्र ‘क’ वर्ग राज्य असतानाच, गांधी वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना झाली आणि हमीदिया व सुलतानिया जनाना ही संस्थानकाळातील रुग्णालये त्याला जोडली गेली. दुसऱ्याच वर्षी, १९५६ मध्ये, मुस्लिम समाजाच्या संस्थेचे सैफिया महाविद्यालय सुरू झाले. तेथे कला-वाणिज्याबरोबर विज्ञानशाखाही वाढली. जुन्या शहरातील उर्दू माध्यमाच्या मुलाला घरापासून चालत जाता येईल अशा अंतरावर विज्ञान शिकता येणे, ही त्या काळातील लहान गोष्ट नव्हती.

पुढे माध्यमिक शिक्षण आयोगाच्या (१९५२–५३) शिफारशीप्रमाणे इंटरचा वर्ग हळूहळू गेला आणि कोठारी आयोगानंतर (१९६४–६६) १०+२ हा आकृतिबंध देशभर पसरला. परिणामी वैद्यकाची पूर्वतयारी महाविद्यालयातून उतरून अकरावी-बारावीत आली. निवड करण्याचे वय पंधरा-सोळावर आले. या बदलाची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. ज्या घरात आधी कोणी शिकलेले नाही, त्या घरातील मुलीने पंधराव्या वर्षी आयुष्याचा विषय ठरवावा, अशी अपेक्षा ही रचना करते.

गाळणी आणि तिचे तोटे

जागा थोड्या आणि इच्छुक अधिक झाल्यावर केवळ विषयांची अट पुरेना. मध्य प्रदेशात १९७० मध्ये पूर्व-वैद्यकीय परीक्षा मंडळ आले. १९८२ मध्ये त्याचे अभियांत्रिकीच्या मंडळाशी एकत्रीकरण होऊन व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजेच ‘व्यापम’ तयार झाले. २०१३ मध्ये त्या परीक्षांतील गैरप्रकार उघडकीस आले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्द ठरवले. २०१६ नंतर राज्याच्या परीक्षेची जागा देशव्यापी ‘नीट’ने घेतली. ७२० गुणांच्या या परीक्षेत ३६० गुण जीवशास्त्राचे आहेत. म्हणजे बारावीला गणित घेतले पण जीवशास्त्र सोडले, तर अर्धा पेपर हातचा गेला असे नव्हे; पात्रताच जाते.

पूर्वतयारी कडक केल्याने दर्जा वाढतो, हे खरे आहे. पण त्याची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत १८९३ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयाने विज्ञान शिकलेले पदवीधरच घेण्याचे ठरवले. ही अट आणि स्त्रियांना समान प्रवेश, या दोन्ही गोष्टी मेरी गॅरेट या देणगीदार महिलेने आपल्या देणगीसोबत घातल्या होत्या. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांच्या अहवालाने महाविद्यालयीन विज्ञानाच्या किमान दोन वर्षांचा आग्रह देशभर नेला. निकृष्ट विद्यालये बंद झाली. परंतु कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय विद्यालयांपैकी पुढे हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. दार उंच केले आणि पायरी बांधली नाही, तर बाहेर कोण राहतो हे यावरून समजते.

विषय केवळ अडथळा नसतो

तथापि, हे विषय केवळ चाळणी लावण्यासाठी आहेत असे समजणेही चूक ठरेल. याचे सर्वांत दुःखद उदाहरण भोपाळनेच दिले आहे. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट आणि त्याबरोबरचे वायू बाहेर पडले. हमीदिया रुग्णालयात हजारो माणसे येत राहिली आणि समोरचे विष नेमके काय आहे, त्यावर उतारा कोणता, हे डॉक्टरांना सांगणारे कोणी नव्हते. नंतर शवविच्छेदनाच्या निष्कर्षांवरून सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही, हा वाद बराच काळ चालला. तो वाद मुळात रसायनशास्त्राचा आणि शरीरक्रियेचा होता.

पुढची दशके तर आणखी वेगळे ज्ञान मागत राहिली. पिढ्यान्‌पिढ्या आजाराची नोंद ठेवायला संख्याशास्त्र लागले, विधवांच्या आणि अनाथांच्या पुनर्वसनाला समाजकार्य लागले, मनावरच्या आघाताला मानसशास्त्र लागले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या संभावना ट्रस्टच्या दवाखान्यात आधुनिक औषधांबरोबर आयुर्वेद आणि योग यांचाही उपयोग केला गेला. २०१० मध्ये पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संशोधन संस्था याच शहरात आली. आरोग्यसेवा म्हणजे फक्त एम.बी.बी.एस. नव्हे, हे भोपाळला फार मोठी किंमत देऊन कळले.

पायऱ्या बांधण्याचे प्रयत्न

बाहेर राहिलेल्यांसाठी काही वाटा नियमांतच आहेत, पण त्या आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचत नाहीत. मदरशाच्या मान्य पदव्या असलेल्यांना युनानी पदवीकडे येता यावे म्हणून एक वर्षाच्या ‘प्री-तिब’ची तरतूद आहे. जुन्या भाषिक तयारीला नव्या विज्ञानाची जोड देणारा हा पूल आहे. ‘नीट’ २०१७ पासून मराठीत आणि २०१८ पासून उर्दूत देता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळमध्येच एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाची शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. १८६१ चा मुंबईतील प्रश्न असा नव्या रूपात परत आला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यांनाही ‘नीट’ची मुभा दिली. २०२१ च्या कायद्याने फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, प्रयोगशाळा तंत्रज्ञान अशा संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली.

समारोप

वरील इतिहासावरून एक गोष्ट निःसंदिग्धपणे पुढे येते. आरोग्यक्षेत्रातील प्रतिनिधित्व वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात ठरत नाही. ते त्याआधीच्या पायरीवर, म्हणजे आपल्या वर्गांत ठरते. म्हणून शिक्षक म्हणून आपल्याकडून तीन कामे अपेक्षित आहेत. दहावीचा निकाल लागण्यापूर्वी पालकांना, विशेषतः मुलींच्या पालकांना, कोणत्या विषयामुळे कोणते दार उघडते हे लेखी स्वरूपात द्यावे. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात उर्दू माध्यमाची मुले येतात, तेथे जीवशास्त्राच्या परिभाषेचे पूरक वर्ग घ्यावेत. आणि बी.एस्सी. किंवा बी.ए.ला बसलेल्या विद्यार्थ्याला ‘आता उशीर झाला’ असे सांगण्याआधी संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य या वाटांनी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे जाता येते का, हे त्याच्यासोबत बसून तपासावे.

बेगमांनी रुग्णालयाच्या जोडीने मुलींची शाळा काढली. आपल्या संस्थांना रुग्णालये काढणे जमेल न जमेल, पण ही पायरी बांधायला लागणारे साहित्य आपल्या हातात आजच आहे.