कलम २४ ते २६: जुनी नशा आणि सरकारी गुपितं

अमेरिकेत सरकारी गुपितं हाताळायची तर ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ लागतो. तो कोणाला द्यावा, हे ८ जून २०१७ पासून ‘सीड-४’ या निर्देशानुसार ठरतं. त्यातली ‘गाइडलाइन एच’ अमली पदार्थांविषयी आहे. खाली आधी कलमाचा आशय, मग भाष्य.

कलम २४. अमली पदार्थांचं बेकायदा सेवन, तसंच औषधांचा गैरवापर, यामुळे माणसाच्या विश्वासार्हतेबद्दल शंका येते. एक तर शरीर-मनावर परिणाम होतो. दुसरं, तो कायदे पाळेल का, हा प्रश्न उरतो.

दुसरं कारण जड आहे. नशा उतरते, पण नियम न जुमानण्याची सवय टिकू शकते. कोलोरॅडोच्या मतदारांनी २०१२ मध्ये गांजाला मुभा दिली, तरी इथे संघराज्याचाच कायदा पाहिला जातो. मात्र राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक एव्हरिल हेन्स यांनी डिसेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं की पूर्वीचा गांजा विचारात घ्यावा, पण तेवढ्यावरून निकाल लावू नये.

कलम २५ (अ). कोणताही गैरवापर शंकेस कारण.

कॉलेजात एकदाच मारलेला झुरकाही यात येतो. अर्जदार इथेच धास्तावतात, आणि ते चूक आहे. हे कलम फक्त शंका नोंदवतं. उत्तर पुढच्या कलमात आहे.

२५ (फ). क्लिअरन्स हाती असताना केलेलं सेवन.

हे सर्वांत गंभीर, आणि माझ्या मते रास्तच. क्लिअरन्ससाठी भराव्या लागणाऱ्या एसएफ-८६ अर्जातला २३वा, अमली पदार्थांचा विभाग एरवी मागच्या सात वर्षांचं विचारतो; क्लिअरन्स असतानाच्या सेवनाला मात्र कालमर्यादा नाही.

कलम २६ (अ). घटना इतकी जुनी, इतकी तुरळक किंवा अशा परिस्थितीतली की ती पुन्हा घडण्याचा संभव नाही.

किती जुनी? आकडा मुद्दाम दिलेला नाही. एकोणिसाव्या वर्षी दोनदा गांजा ओढून आज तिशीत असलेला माणूस आणि गेल्या उन्हाळ्यापर्यंत दर शनिवारी कोकेन घेणारा, दोघांना एकच फूटपट्टी लावणं अन्याय ठरेल. निर्णय अख्खा माणूस पाहून घ्यायचा असतो. तरीही शंका उरलीच, तर कौल राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने जातो.

२६ (ब). अर्जदार सेवन कबूल करतो, त्यावर मात केल्याचे पुरावे देतो आणि दूर राहिल्याचं दाखवतो: जुनी संगत सोडली, ते वातावरण टाळलं, किंवा पुन्हा घेतलं तर क्लिअरन्स जाईल असं लेखी दिलं.

सुरुवात कबुलीपासून आहे, हे ध्यानात घ्यावं. अमेरिकेत वाढलेला मराठी मुलगा असा अर्ज भरायला बसला, तर घरातली मोठी माणसं मायेने म्हणतील, ‘कशाला लिहितोस? कोणाला कळणार आहे?’ तो सल्ला घातक आहे. चौकशी अधिकारी शेजाऱ्यांशी, जुन्या मित्रांशी बोलतात. जाणूनबुजून लपवलं तर वैयक्तिक वर्तनाची ‘गाइडलाइन ई’ लागते, शिवाय तो पाच वर्षांपर्यंत कैदेचा संघीय गुन्हा आहे. उलट, २३व्या विभागातली खरी उत्तरं पुढच्या फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरणार नाही, अशी हमी अर्जातच छापलेली आहे.

२६ (क) आणि (ड). आजारपणात लागलेली गोळ्यांची सवय, जी आता सुटली आहे. आणि पूर्ण केलेले उपचार, सोबत तज्ज्ञाचं अनुकूल मत.

(ड) मला फार मोलाचं वाटतं. उपचार घेतल्याची नोंद आपल्याविरुद्ध जाईल या भीतीने जो डॉक्टरकडे जायचं टाळतो, त्याने हे कलम आधी वाचावं.