पाणी कोण भरणार?



दशलक्षण पर्व संपलं की मंदिराच्या ओट्यावर गप्पा रंगतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "पूर्वीचे दिवस बरे होते बाई, आता कुठे तसा धर्म राहिलाय!" मी मान हलवते, पण मनातून मला ते पटत नाही. जुने दिवस म्हटले की मला आधी पाणी आठवतं. आपल्या घरांचा इतिहास लिहायचा तर तो पाण्यापासूनच सुरू करावा लागेल, असं मला वाटतं.

गाळलेलं पाणी हे श्रावकाचं ओळखीचं चिन्ह. आपल्या जुन्या ग्रंथांनी गाळण्याचं मापही दिलंय: 36 अंगुळं लांब, 24 अंगुळं रुंद, जाड विणीचं, आणि तेही दुहेरी करून. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं चालतं. मग परत गाळायचं. उकळलं तर 24 तास. शिवाय गाळण्यावर उरलेली जिवाणी ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची, आणि वरून ओतायची नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेली छोटी बादली असायची. ती पाण्याला टेकली की उलटायची आणि जीव अलगद आपल्या घरी परत जायचे. किती विचार केलाय बघा! पण हा विचार ज्या हातांनी पाळला ते हात कोणाचे होते, हे ग्रंथ सांगत नाहीत.

आमच्या घरी ते हात आत्याआजींचे होते. आजोबांची बहीण. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव, किराणा मालाचं दुकान, घरात चौदा माणसं. आत्याआजींचं लग्न नवव्या वर्षी झालं आणि बाराव्या वर्षी, 1922 च्या सुमारास, त्या विधवा होऊन माहेरी परत आल्या. मुलीच्या लग्नाचं वय किमान 14 करणारा सारडा कायदा झाला 1929 मध्ये आणि लागू झाला 1930 मध्ये. तोवर त्यांच्या डोक्यावर घागर चढून आठ वर्षं झाली होती.

पहाटे चारला उठायचं. विहीर गावाबाहेर. पोहरा सोडायचा, ओढायचा, काठावर गाळायचं, जिवाणी सोडायची, चुंबळीवर घागर, हातात कळशी. अशा आठ-दहा खेपा झाल्या की रांजण भरायचा. संध्याकाळी पुन्हा तेच, आणि तेही लवकर, कारण सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची. उन्हाळ्यात विहीर खोल गेली की दोर हाताला कापायचा. आई सांगायची, आत्याआजींचे तळवे दगडासारखे टणक होते.

घरात 'जैन बोधक' यायचा. सोलापूरच्या हिराचंद नेमचंद दोशींनी 1884 मध्ये सुरू केलेलं हे मासिक आजोबांचे वडील मोठ्याने वाचायचे आणि बायका आतून ऐकायच्या. मुंबईत मगनबाईंनी श्राविकाश्रम चालवला आहे, तिथे विधवा मुलींना लिहायला-वाचायला शिकवतात, हे आत्याआजींच्या कानावर असंच पडलं. मगनबाई म्हणजे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांची लेक. त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या, पण वडिलांनी त्यांना कोपऱ्यात न बसवता शिकवलं. मग त्यांनी इतरांसाठी दार उघडलं. पुढे आपल्या सोलापुरात सुमतीबाई शहांनी श्राविका संस्थेचं केवढं मोठं काम उभं केलं आणि सरकारने त्यांना पद्मश्री दिली, हे तर आपल्याला माहीतच आहे.

आत्याआजींनी धीर करून विचारलं, मला पाठवाल का? घरात कोणी रागावलं नाही, धर्माचं कारणही कोणी दिलं नाही. वडील एवढंच म्हणाले, "मग पाणी कोण भरणार?"

विषय तिथेच संपला. भक्तामराचे 48 श्लोक त्यांना तोंडपाठ होते, पण पुस्तकातली एक ओळ वाचता येत नव्हती. हे सगळं त्यांनी आईला एकदाच सांगितलं होतं, भाजी निवडता निवडता, तक्रार म्हणून नव्हे.

गाळण्याचं मोल मी कमी करत नाहीये हं. उलट मोठी झाल्यावर मला ते जास्त कळलं. आपल्या भागात नारूचा रोग होता, हे नव्या सुनांना सांगूनही खरं वाटत नाही. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला माणूस पाय घालायचा, कृमीची पिल्लं पाण्यात उतरायची, पाण्यातले बारीक जीव ती गिळायचे आणि ते पाणी प्यायलेल्याच्या पायातून वर्षभराने हातभर लांब कृमी बाहेर यायचा. 1983 च्या सुमारास सरकारने नारू निर्मूलनाची मोहीम काढली, तेव्हा आरोग्यसेवक घरोघर सांगत होते, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्या! देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. आमच्या घरात नारू कधी झाला नाही. त्याचं श्रेय मी आत्याआजींच्या गाळण्याला देते.

1972 चा दुष्काळ मला चांगला आठवतो. मी बारा वर्षांची होते. विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरायची वेळ आली होती. बायका रोजगाराच्या कामावर खडी फोडत होत्या, रेशनवर लाल मिलो मिळत होती. दुष्काळ सरल्यावर गावात बोअर घेतली आणि हातपंप बसला. पुढे 'इंडिया मार्क टू' नावाने जगभर गेलेला हातपंप आपल्या सोलापूर पंपावरूनच घडवला गेला, हे किती जणींना ठाऊक आहे? मला त्याचा फार अभिमान वाटतो.

घरात मात्र वाद झाला. पंपात चामड्याचा वॉशर, आणि जिवाणी परत सोडायची तरी कशी? आजोबांनी शेवटपर्यंत विहिरीचंच पाणी घेतलं. आत्याआजींनी पंपाच्या पाण्याने घरातली बाकी सगळी भांडी भरायला सुरुवात केली आणि विहिरीच्या दोनच कळशा आणू लागल्या. तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. पुढे काही वर्षांनी नळ आला. उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं, पण ते पाहायला त्या नव्हत्या.

आईला नळाने दुपारचा वेळ मिळाला. सातवी शिकलेली ती, पाठशाळेत मुलांना शिकवू लागली. मी बी. ए. झाले, आणि कॉलेजला जायला निघाले तेव्हा पाणी कोण भरणार, असं कोणी विचारलं नाही.

आता सोलापुरात नळ रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतो, त्याची कुरकुर मीही करते. आला की टाकी भरून घेते. स्वयंपाकघरातल्या नळाला दुहेरी कापड बांधलंय. मुनिमहाराजांचा आहार असेल त्या दिवशी मात्र विहिरीचंच पाणी लागतं. तेव्हा सून आणि मी स्कूटरवरून कळशी घेऊन जातो. एक कळशी ओढली की तिचे हात लाल होतात. ती हात मला दाखवते, आणि मी तिला आत्याआजींच्या तळव्यांचं सांगते.

बाकीच्या सकाळी माझ्या स्वतःच्या आहेत. सात ते साडेआठ आम्ही अकरा जणी मंदिरात रत्नकरंड श्रावकाचार वाचतो. 150 श्लोक आहेत, रोज एकच घेतो, अर्थासकट. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या एक काकू आहेत. लहानपणी शाळा सुटली म्हणून बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचतात. त्यांची पाळी आली की एका श्लोकाला पंधरा मिनिटं लागतात. आम्ही थांबतो. घरी जायची घाई कोणालाच नसते.