शाळेने घरी काय कळवावं?

आजचा विषय ऐकायला अगदी घरगुती वाटेल. मुलाच्या शाळेने घरी काय कळवावं? सहामाहीचे गुण, फीची तारीख, स्नेहसंमेलन, पालकसभा. एवढंच? की मूल ज्या इमारतीत दिवसाचे सहा तास बसतं त्या इमारतीबद्दलही कळवावं? आणि त्या मुलाविषयी शाळेच्या कपाटात जे लिहून ठेवलेलं असतं, त्याबद्दलही? हा प्रश्न आज आपण अमेरिकेतल्या काही घटनांतून पाहू. तिथे या प्रश्नाची उत्तरं एकेक करून मिळाली, आणि पहिल्या उत्तराची किंमत फार मोठी होती.

आधी एक खुलासा. अमेरिकेत ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणतात तो आपला कलेक्टर असलेला जिल्हा नव्हे. एका गावाच्या किंवा परिसराच्या शाळा चालवणारी ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिचं मंडळ बहुतेक ठिकाणी लोक निवडून देतात आणि पुष्कळ ठिकाणी तिला कर लावण्याचाही अधिकार असतो. १९३०च्या दशकात अशा संस्था एक लाखाहून जास्त होत्या. पुढे लहान संस्था मोठ्यांत विलीन होत गेल्या आणि आज त्या साधारण १३ हजार उरल्या आहेत. म्हणजे कागदावर तरी शाळा लोकांचीच होती. शाळा लोकांची आहे म्हणून लोकांना सगळं आपोआप कळतं, अशी एक समजूतही त्यामागे होती. ती समजूत टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावात १८ मार्च १९३७ रोजी कोसळली.

पूर्व टेक्सासमध्ये १९३०च्या सुमारास खनिज तेलाचे प्रचंड साठे सापडले. मंदीच्या काळात देशभर शाळा पैशाअभावी अडचणीत होत्या, पण न्यू लंडनच्या शाळेकडे तेलाच्या करातून पैसा येत होता. पोलादी सांगाड्याची भव्य इमारत उभी राहिली. ती उतारावर बांधलेली असल्यामुळे जमिनीखाली मोठी पोकळी राहिली होती. मूळ आराखड्यात एका ठिकाणाहून वाफ खेळवून इमारत गरम ठेवण्याची सोय होती. ती बाजूला ठेवून मंडळाने इमारतभर ७२ गॅस हीटर बसवले. पुढे १९३७च्या सुरुवातीला गॅसकंपनीशी असलेला करार रद्द केला आणि जवळच्या एका तेलकंपनीच्या नळातून जोड घेतली. तेलाबरोबर वर येणाऱ्या वायूतला उपयोगी भाग काढून घेतल्यावर जो उरायचा, तो त्या नळातून जायचा. कंपन्या तो एरवी जाळूनच टाकत. शाळेची त्यातून महिन्याला सुमारे ३०० डॉलरची बचत होत होती.

त्या वायूला वास नव्हता. जोडातून तो गळत राहिला आणि इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला. मुलांची डोकी दुखत होती, असं नंतर अनेकांनी सांगितलं. त्या दिवशी दुपारी सव्वातीनच्या सुमारास कार्यशाळेच्या वर्गात लाकूड घासण्याचं विजेवरचं यंत्र सुरू झालं, ठिणगी पडली आणि इमारत उचलली जाऊन खाली कोसळली. जवळपास ३०० माणसं गेली, बहुतेक सगळी मुलं. लहान इयत्ता आधीच सुटल्या होत्या, म्हणून आकडा तिथे थांबला.

आता ज्या गोष्टीमुळे ही घटना आपल्या विषयाच्या मध्यभागी येते, ती पाहा. स्फोट झाला तेव्हा शंभरेक फुटांवरच्या व्यायामशाळेत पालक-शिक्षक संघाची सभा भरलेली होती. पालक शाळेतच होते. शाळा आणि घर यांच्यात बोलणं व्हावं म्हणून जी व्यवस्था असते, ती त्या क्षणी चालू होती. आणि शंभर फुटांवर इमारतीखाली काय साठलंय, हे ना बोलणाऱ्यांना माहीत होतं, ना ऐकणाऱ्यांना.

इथे आपण चटकन म्हणू, मंडळाने गॅसची जोड बदलल्याचं पालकांना सांगायला हवं होतं. हो, हवंच होतं. पण जरा थांबू या. त्या भागात असा वायू वापरणं सर्रास चालत होतं. घरांतही तो होता. ‘आम्ही जोड बदलली आहे’ अशी चिठ्ठी घरी गेली असती, तर किती पालकांनी हरकत घेतली असती? कदाचित फार थोड्यांनी. म्हणजे निर्णय कळणं ही एक गोष्ट, आणि धोका कळणं ही दुसरी. पहिली गोष्ट चिठ्ठीने होते. दुसरीसाठी धोका स्वतःच बोलका असावा लागतो.

टेक्सासच्या विधिमंडळाने नेमकं तेच केलं. काही आठवड्यांतच कायदा झाला की वायूत उग्र वासाचं द्रव्य मिसळलं पाहिजे. वायूला वास देण्याची कल्पना नवी नव्हती. ती सक्तीची नव्हती एवढंच. हळूहळू ही पद्धत सगळीकडे पसरली. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा गॅस गळला की जो घाण वास येतो, तो त्या गॅसचा नाही, मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा आहे. त्याच वर्षी टेक्सासमध्ये अभियंत्यांच्या नोंदणीचाही कायदा झाला, म्हणजे सार्वजनिक इमारतींच्या कामाला जबाबदार असा कोणी जाणकार असावा.

आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांना या वासात एक मोठा विचार दिसतो. वास कळायला पदवी लागत नाही. तो मंडळाच्या अध्यक्षाला येतो आणि पाचवीतल्या मुलालाही येतो. तो कुणाच्या परवानगीची वाट पाहत नाही. मुख्य म्हणजे तो वेळेत येतो, खिडकी उघडता येईल तेव्हा. माहितीची याहून चांगली व्याख्या सापडणं कठीण आहे. जी हाती आल्यावर माणूस काही करू शकतो, ‘नाही’ म्हणू शकतो, ती माहिती. जी मिळाल्यावर फक्त रडता येतं, ती बातमी.

न्यू लंडनच्या पालकांना बातमी मिळाली. शाळेचे प्रमुख विल्यम शॉ यांचा स्वतःचा मुलगाही त्यात गेला, आणि तरी लोकांच्या संतापापुढे त्यांना पद सोडावं लागलं. सुमारे ७० दावे दाखल झाले. जे सुनावणीपर्यंत पोचले ते पुराव्याअभावी फेटाळले गेले. कायद्याच्या भाषेत दोषी कुणीच नव्हतं. गावाने मग बोलणंच बंद केलं. वाचलेल्यांचं पहिलं संमेलन भरायला १९७७ साल उजाडलं.

याच्या दहा वर्षं आधी, १९२७ साली, जॉन ड्यूई यांनी ‘द पब्लिक अँड इट्स प्रॉब्लेम्स’ हे पुस्तक लिहिलं होतं. हे तेच ड्यूई, ज्यांच्याकडे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. दोन पक्षांनी आपसात एखादा व्यवहार केला आणि त्याचे परिणाम तिसऱ्यावर झाले, तर त्या तिसऱ्याचा त्या व्यवहारात हक्क निर्माण होतो. अशा परिणाम भोगणाऱ्यांचाच ‘लोक’ नावाचा समूह बनतो. पण आपल्यावर काय परिणाम होतोय हेच कळलं नाही, तर तो समूह जन्मालाच येत नाही. गॅसचा व्यवहार मंडळाचा होता, परिणाम मुलांवर झाला. कळवणं हे सौजन्य नाही, लोकशाहीचा पाया आहे, तो असा.

सुरक्षेचं झालं. आता भविष्याकडे वळू. मुलाच्या भविष्याबाबतही बिनवासाचा वायू असतो. तो कागदावर असतो.

कॅलिफोर्नियातल्या सोलेदाद या शेतीच्या गावातली नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलं. घरी स्पॅनिश बोलणारी. त्यांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीतून घेतली गेली आणि त्यांना त्या काळच्या शब्दांत ‘मतिमंद’ मुलांच्या वर्गात बसवलं गेलं. पुन्हा स्पॅनिशमधून चाचणी घेतल्यावर बहुतेकांचे गुण त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर गेले. हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९७० साली तडजोडीने मिटलं. यापुढे मुलाच्या घरच्या भाषेतही चाचणी घ्यायची आणि आधी बसवलेल्या मुलांची फेरतपासणी करायची, असं ठरलं. मुलं तीच, मेंदू तोच. फक्त प्रश्नाची भाषा बदलली आणि भविष्य बदललं.

त्याच वर्षी, २५ मे १९७० रोजी, अमेरिकी सरकारच्या नागरी हक्क कार्यालयाने शाळासंस्थांना एक पत्रक पाठवलं. त्यात इंग्रजी येत नाही एवढ्यावरून मुलाला अशा वर्गात टाकायला मनाई होती. आणि आणखी एक कलम होतं, ज्याची चर्चा फारशी होत नाही. इतर पालकांना जे कळवता ते अल्पसंख्य भाषिक पालकांनाही नीट कळवलं पाहिजे, आणि त्यासाठी प्रसंगी इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत कळवावं लागेल. विचार करा, ‘कळवलं’ या क्रियापदाचा अर्थच इथे बदलला. पूर्वी पत्र पाठवलं की कळवलं. आता समोरच्याला कळलं तरच कळवलं.

पण पत्र कळलं तरी शाळेच्या कपाटाचं काय? त्या काळी अमेरिकी शाळा प्रत्येक मुलाची फाइल ठेवत. तीत गुणांबरोबर समुपदेशकाची मतं, घरच्या परिस्थितीवरचे शेरे, स्वभावाबद्दलचे अंदाज असत. पुष्कळ ठिकाणी ही फाइल बाहेरच्या अधिकाऱ्यांना पाहायला मिळे, आईबापांना मात्र नाही. एखाद्या शिक्षकाने घाईत लिहिलेला एक शेरा मुलाच्या मागोमाग इयत्तेमागून इयत्ता चालत राही, आणि त्याचा वास घरात कुणालाच येत नसे.

१९७४ साली न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी याविरुद्ध दुरुस्ती मांडली आणि २१ ऑगस्टला राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने तिचा कायदा झाला. पालकाने मागितल्यावर ४५ दिवसांच्या आत फाइल दाखवायची. चुकीचं किंवा दिशाभूल करणारं काही असेल तर पालक हरकत घेऊ शकतो, सुनावणी मागू शकतो. सुनावणीत हरला, तरी आपलं म्हणणं त्या फाइलीत लावून ठेवू शकतो. मूल अठरा वर्षांचं झालं की हे सगळे हक्क त्याच्याकडे जातात. आम्हाला यातलं ते शेवटून दुसरं कलम सगळ्यांत मोलाचं वाटतं. शाळेचा शेरा राहील, पण त्याच्याशेजारी घरचं उत्तरही राहील. माहितीला उत्तर देण्याची जागा मिळाली.

हा कायदा काही रामबाण ठरला नाही, हेही सांगायला हवं. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की या कायद्याचा भंग झाला म्हणून एखादी व्यक्ती थेट नुकसानभरपाईचा दावा लावू शकत नाही. सरकारने निधी रोखणं हाच काय तो मुख्य दंड. म्हणजे न्यू लंडनसारखंच, चूक होऊनही उत्तरदायी कोण हा प्रश्न शिल्लक राहतोच.

कुणी म्हणेल, एवढं सगळं कळवत बसलं तर पालक घाबरून जातील. वासाकडे परत जाऊ. गॅसचा वास आला म्हणून आपण गाव सोडून पळत नाही. रेग्युलेटर बंद करतो, खिडक्या उघडतो, दिव्याच्या बटनाला हात लावत नाही. काय करायचं हे माहीत असलं की भीतीचं कामात रूपांतर होतं. घबराट होते ती अर्धवट माहितीने आणि उशिराने.

खरी अडचण दुसऱ्या बाजूला आहे. मरकॅप्टनचा वास सतत येत राहिला तर नाक त्याला सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. आज तिथल्या शाळासंस्था फोनवर दिवसाला अनेक निरोप पाठवतात, आणि आपल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांची गत वेगळी नाही. वह्यांचे रंग, सुप्रभात, डब्यात काय द्यावं, आणि त्याच रांगेत कुठेतरी बसच्या ब्रेकबद्दलची ओळ. ती ओळ तांत्रिकदृष्ट्या कळवलेली असते. नाक मात्र सरावलेलं असतं. पूर्वी माहिती दडवून लपवली जायची, आता ती ओतूनही लपते.

आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळा वगळता बाकी शाळांत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्यात. हे कलम उत्तमच आहे. पण न्यू लंडनचे पालकही सभेतच बसलेले होते, हे आपण विसरू नये. सभेत जागा मिळणं ही सुरुवात झाली. तिथे विचारायचे प्रश्न आपल्यालाच न्यावे लागतात. या वर्षी पैसे वाचवण्यासाठी इमारतीत, बसमध्ये, स्वयंपाकघरात काय बदललं? मुलाबद्दल काय लिहून ठेवलंय आणि ते आम्हाला वाचता येईल का? ते चुकलं असेल तर आमचं म्हणणं कुठे लिहायचं?

हे प्रश्न विचारणारा पालक शाळेचा वैरी नसतो. तो त्या इमारतीतला वास असतो. थोडा नकोसा, पण वेळेवर आलेला. शाळांनी त्याचं स्वागत करावं आणि आपण तसं व्हायला लाजू नये, एवढं सांगून थांबतो.