आगगाडी, वणवा आणि घर सोडलेली माणसे



आपल्या भाषेने रेल्वेला 'आगगाडी' असे नाव दिले. ते नाव आता बोलण्यातून मागे पडले आहे. पण आज आम्ही ज्या घटनेविषयी बोलणार आहोत, तिला याहून समर्पक शब्द सापडणार नाही. तिथे आग लावली ती गाडीने, आणि माणसे वाचवली तीही गाडीनेच.

घटना शनिवार, 12 ऑक्टोबर 1918 ची. स्थळ अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचा ईशान्य भाग. तिथली पाइनची जुनी अरण्ये लाकूड कंपन्यांनी तोडून नेली होती. खोड तेवढे गिरणीत गेले. फांद्या, शेंडे आणि सालपटे रानातच पडून राहिली. त्या उघड्या जमिनीवर फिनलंड वगैरे देशांतून आलेल्या गरीब माणसांनी शेती मांडली. अवर्षणाने रान कोरडे पडले होते, आणि दलदलीतील पीट, म्हणजे शेकडो वर्षे कुजून साठलेला झाडपाल्याचा थर, सरपणासारखा वाळला होता. अशा मुलखातून इंजिने ठिणग्या उडवीत जात. 10 ऑक्टोबरला एका रेल्वेमार्गावर, 62 व्या मैलाच्या खुणेजवळ, रुळांलगत रचलेल्या लाकडांनी पेट घेतला. आग विझवण्याची खटपट झाली. पण ती आतून धुमसत राहिली. 12 तारखेला वादळी वारा सुटला आणि ठिकठिकाणी धुमसणाऱ्या अशा अनेक आगी एकदम उठल्या.

क्लोके हे लाकूड-गिरण्यांचे गाव. वस्ती सात-आठ हजारांची. रात्र पडता पडता आकाश तांबडे झाले आणि कुटुंबांना काही मिनिटांत निर्णय करावा लागला. श्रोते हो, घर सोडणे म्हणजे काय, हे प्रत्येकाने आपल्या घरापुरते मनात आणून पाहावे. म्हाताऱ्या आईला कोणी धरायचे? मुले किती, ती मोजली का? गाठोड्यात काय बांधायचे आणि काय टाकून जायचे? क्लोकेच्या लोकांपुढे हेच प्रश्न होते. पण स्टेशनात गाड्या उभ्या होत्या. प्रवासी डबे अपुरे पडले, तेव्हा उघड्या वाघिणींत माणसे चढली. कोणाचा नवरा एका गाडीत, बायको दुसऱ्या गाडीत, अशी ताटातूट झाली. शेवटची गाडी निघाली तेव्हा गाव पेटलेले होते. जवळजवळ सारे गाव राख झाले, परंतु त्या गावात मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच झाले.

दक्षिणेकडे मूस लेक आणि केटल रिव्हरच्या परिसरातील शेतकऱ्यांना अशी गाडी मिळाली नाही. जो तो आपापल्या वाटेने निघाला. काही कुटुंबे तळघरांत शिरली आणि तिथेच गुदमरली. काहींनी तळ्यात उतरून, ओल्या घोंगड्या डोक्यावर घेऊन रात्र काढली. मोटारीतून निघालेले धुरात रस्त्याच्या एका वळणावर फसले आणि मागून येणाऱ्या मोटारी त्यांच्यावर आदळत गेल्या. एकूण 453 माणसे दगावली. 38 गावे व वस्त्या जळाल्या. वाचलेले डुलुथ शहरात आले, तर तिथे इन्फ्लुएन्झाची साथ! ज्या शरद ऋतूत मुंबईत या साथीने माणसे पटापट मरत होती, त्याच ऋतूत हे बेघर लोक एकाच छपराखाली दाटीवाटीने झोपत होते.

इथपर्यंतची कथा करुण आहे. पण आम्हांला जास्त महत्त्वाची वाटते ती पुढची. युद्धामुळे रेल्वे तेव्हा सरकारच्या ताब्यात होत्या. लोकांनी भरपाई मागितली. अँडरसन नावाच्या शेतकऱ्याचे म्हणणे असे की, ऑगस्टमध्येच इंजिनाच्या ठिणगीने त्याच्या शेताजवळची दलदल पेटली आणि तीच आग ऑक्टोबरात भडकली. यावर रेल्वेचा बचाव मोठा चतुर होता: त्या दिवशी इतरही आगी होत्या, त्या एकत्र मिसळल्या, मग तुमचे घर नेमके आमच्याच आगीने जळाले हे कशावरून?

हा बचाव आमच्या चांगल्या परिचयाचा आहे. कापसाच्या धुळीने छाती गेलेल्या कामगाराचा अर्ज घेऊन आम्ही जातो, तेव्हा समोरून विचारतात, "हा विडी ओढत नव्हता काय?" कारणे अनेक दाखवली की जबाबदारी कोणाचीच उरत नाही, असा हा हिशेब.

मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1920 साली हा हिशेब नाकारला. रेल्वेची आग नुकसानीचे एक भरीव कारण ठरली असेल, तर दुसऱ्या आगी येऊन मिसळल्या म्हणून रेल्वे सुटत नाही, असा निर्णय दिला. हा निर्णय आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवला जातो. तथापि निर्णय मिळणे निराळे आणि पैसा हातात पडणे निराळे. अनेकांनी निम्म्या किंवा त्याहूनही कमी रकमेवर तडजोड केली. उरलेल्या रकमेसाठी त्यांना अमेरिकेच्या काँग्रेसचे दार ठोठवावे लागले. त्यासाठीचा कायदा झाला 1935 साली! घर सुटले एका रात्रीत. भरपाईला सतरा वर्षे लागली. मधल्या काळात किती अर्जदार वारले असतील, याची कल्पनाच करावी.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणू नये. शंभर वर्षांनी, 8 नोव्हेंबर 2018 रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज गाव असेच जळाले आणि 85 माणसे गेली. यावेळी ठिणगी इंजिनाची नव्हती, जुनाट वीजवाहिनीची होती. 2020 साली वीज कंपनीला न्यायालयात 84 मृत्यूंबद्दल अपराध कबूल करावा लागला.

म्हणून वणव्याची बातमी वाचताना दोन प्रश्न विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. माणसांना बाहेर काढण्यासाठी गाडी उभी होती काय? आणि ठिणगी कोणाची होती? पहिल्या प्रश्नावर त्या रात्री किती जीव वाचतील हे ठरते. दुसरा प्रश्न लोकांनी एकजुटीने लावून धरला नाही, तर वाचलेल्यांना पुन्हा घर उभे करणे कठीण होते.