कोऱ्या कापडातली खळ



गेल्या आठवड्यात पाणी गाळायच्या फडक्यासाठी दोन मीटर मांजरपाट आणला. हाताला चांगला जाड, कडक लागला. रात्रभर भिजवून धुतला, तर पाणी पांढरट झालं आणि कापड जाळीसारखं विरळ! दुहेरी करूनही गाळायला उपयोगाचं नाही. सासूबाई कोऱ्या कापडाचं कधीच कौतुक करायच्या नाहीत. "आधी धुवा, मग बोला," म्हणायच्या.

मांजरपाटाचा मांजराशी संबंध नाही. आंध्रात नरसापूरजवळ मदापोलम नावाचं गाव आहे. ईस्ट इंडिया कंपनी तिथून सुती कापड नेत असे. त्या नावाचं आपल्याकडे मादरपाट झालं, मग मांजरपाट. पुढे तेच कापड इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्या विणू लागल्या आणि आपल्यालाच विकू लागल्या.

विणताना उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावावीच लागते. पण १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला. लँकेशायरला आपला आखूड धाग्याचा कापूस घ्यावा लागला. तो जास्त तुटे, म्हणून खळ वाढली. कापूस महाग होता, म्हणून खळीत चिनी माती घालून वजनही वाढवलं जाऊ लागलं. युद्ध संपलं तरी ही सवय गेली नाही. म्हणजे गिऱ्हाईक सुताच्या भावाने माती घेत होतं! मी कॉमर्सवाली, मला हा हिशोब फार झोंबतो.

याच काळात, १८६३ साली, आपल्या बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. घाटावरचा कापूस खाली मुंबईला जाऊ लागला आणि विलायती कापडाचे गठ्ठे त्याच रुळांवरून वर येऊ लागले.

त्या खळीत जनावरांची चरबीही घालत. आपल्या घरांतून कोरं कापड धुतल्याशिवाय देवपूजेला किंवा पाणी गाळायला घेत नसत, ते मला आता जास्त पटतं. जीव वाचवायला पाणी गाळायचं आणि फडक्यालाच चरबी, हे कसं चालेल?

म्हणून कापड घेताना चारच गोष्टी बघा. दोन्ही हातांनी चोळा, पांढरी भुकटी पडली तर ती खळ. उजेडात धरा, वीण एकसारखी दाट दिसली पाहिजे. कडेचा एक धागा ओढून बघा, पीळ घट्ट असेल तर तो सहज तुटत नाही. आणि शक्य असेल तर अर्धा मीटर आणून आधी धुवा, मग बाकीचं घ्या.

परवा सासूबाईंचं जुनं मांजरपाटाचं परकर काढलं. पंचवीस वर्षं तरी झाली असतील. कापड मऊ पडलंय, पण वीण अजून दाट आहे. त्याचंच फडकं शिवलं. अपरिग्रह म्हणजे कमी घेणं, हे आपण ऐकतो. पण कमी घेतलेलं टिकलंही पाहिजे ना!