शिशाचे शिपाई आणि कल्पनेचीं रणांगणें

दिवसभराचें काम आटोपून एखादा प्रौढ गृहस्थ रात्रीं दिव्याखालीं बसतो. त्याच्या हातांत अगदीं बारीक कुंचला असतो आणि समोर लाकडी ठोकळ्यावर चिकटविलेला, बोटाच्या पेराएवढा एक राक्षस उभा असतो. त्या राक्षसाच्या कातडीला हिरवा रंग, दातांना हस्तिदंती रंग आणि ढालीच्या कडेला गंजाची छटा देण्यांत त्याचे दोन तास सहज निघून जातात. असे साठ-सत्तर राक्षस रंगवून झाले, कीं तो त्यांची पलटण मोठ्या मेजावर मांडतो. मेजाच्या दुसऱ्या बाजूस त्याचा मित्र आपली पलटण मांडतो. आणि मग फांसे, मोजपट्टी व नियमांचें पुस्तक यांच्या साह्यानें तासन् तास युद्ध चालतें. इंग्लंड, अमेरिका, जर्मनी इत्यादि देशांत हा छंद हजारों लोकांना आहे. वरवर पाहणारास हा पोरखेळ वाटेल. परंतु या पोरखेळाची वंशावळ शोधूं लागल्यास ती प्रशियाच्या राजवाड्यांत, सेनापतींच्या कचेऱ्यांत आणि तेथून मागें थेट भारतवर्षांतील चतुरंगापर्यंत जाऊन पोंचते.

बुद्धिबळाचा खेळ भारतांतून इराणांत, इराणांतून अरबांकडे आणि अरबांकडून युरोपांत गेला, हें सर्वश्रुत आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चतुरंग सेनेचें तें लांकडी प्रतिबिंब होय. परंतु लष्करी पेशाच्या माणसास या खेळांत एक उणीव भासे. पटावरील सर्व घरें सारखीं. तेथें ना डोंगर, ना नदी, ना दलदल. मारणारा मोहरा मरणाऱ्यास हमखास मारतो. खरें युद्ध असें नसतें. ही उणीव दूर करण्याचा पद्धतशीर प्रयत्न जर्मनींतील ब्राउनश्वाइग येथील योहान हेलविग या गणितज्ञानें केला. १७८० सालीं प्रसिद्ध केलेल्या त्याच्या खेळाचा पट १६१७ घरांचा होता. घरांना निरनिराळे रंग देऊन त्यानें जमिनीचे भेद दाखविले आणि पटावर तोफखाना आणला. चतुरंगाचा धागा मात्र त्यानें तोडला नाहीं. त्याच्या मोहऱ्यांच्या चालींवर बुद्धिबळाची छाप स्पष्ट दिसते.

तो धागा तोडला प्रशियांतील राइसवित्झ पितापुत्रांनीं. पिता गेऑर्ग लिओपोल्ड हा ब्रेस्लाव येथील मुलकी अधिकारी होता. वाळूच्या मेजावर ठोकळे मांडून तो युद्धाचा खेळ खेळे. ही वार्ता राजपुत्रांच्या द्वारें राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याच्या कानीं गेली आणि त्यानें तो खेळ पाहण्याची इच्छा दर्शविली. राजापुढें वाळू घेऊन जाणें राइसवित्झला प्रशस्त वाटेना. त्यानें बराच काळ खपून एक भव्य मेज तयार केलें. डोंगर, नद्या, रस्ते आणि गांवें दाखविणारे चौकोनी तुकडे त्यावर हवे तसे जुळवितां येत. १८१२ सालीं तें मेज राजवाड्यांत पोंचलें. नेपोलियनच्या टांचेखालीं प्रशिया दबून गेला होता तो हा काळ. मैदानावर हरलेलें राजघराणें मेजावर युद्धाचा अभ्यास करूं लागलें.

पुत्र तोफखान्यांतील लेफ्टनंट. १८२४ सालीं त्यानें खेळाचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत तीन गोष्टी नव्या होत्या. पहिली गोष्ट अशी, कीं काल्पनिक पटाऐवजीं त्यानें खऱ्या प्रदेशाचा, एकास आठ हजार या प्रमाणांतील नकाशा वापरला. दुसरी गोष्ट फांशांची. युद्धांत दैवाचा भाग असतो, हें मान्य करून कोणत्या अंतरावरून किती नुकसान व्हावें, तें त्यानें फांसा आणि कोष्टक यांवर सोंपविलें. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पंच. खेळाडूनें आपला हुकूम पंचाकडे द्यावा आणि शत्रूची जी तुकडी त्याच्या सैन्याला दिसूं शकेल, तेवढीच पंचानें नकाशावर मांडावी. अर्धवट माहितीवर निर्णय घेण्याची सेनापतीची जी खरी यातना, ती अशा रीतीनें प्रथमच खेळांत उतरली. सेनामुख्य म्युफलिंग प्रथम उदासीनतेनें पाहत होता. पण शेवटीं हा खेळ नसून युद्धाची शाळाच आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले आणि सर्व सैन्यास या खेळाची शिफारस केली. दुर्दैव असें, कीं ज्या तरुणानें ही शाळा उभी केली, त्यानें १८२७ सालीं आत्महत्या केली. पुढें १८६६ सालीं ऑस्ट्रियाचा आणि १८७०-७१ सालीं फ्रान्सचा प्रशियानें पाडाव केला, तेव्हां इतर राष्ट्रांच्या सेनाही हा खेळ शिकूं लागल्या.

याच काळांत दुसऱ्या एका वाटेनें चिमुकले शिपाई घराघरांत शिरत होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत न्यूरेम्बर्ग येथील हिल्पर्ट नांवाच्या कारागिरानें कथलाचे चपटे शिपाई ओतून विकण्यास आरंभ केला. त्याची भरभराट पाहून इतर कारागीर पुढें आले आणि जर्मनींत हा एक मोठा धंदा होऊन बसला. १८९३ सालीं लंडनच्या विल्यम ब्रिटन यानें एक युक्ति काढली. वितळलेला धातु सांच्यांत ओतावयाचा आणि तो कडेनें थिजतांच उरलेला रस परत ओतून घ्यावयाचा. त्यामुळें पुतळा आंतून पोकळ राही, धातु कमी लागे आणि किंमत उतरे. या स्वस्त शिपायांनीं जर्मन मालास इंग्लंडच्या बाजारांतून मागें रेटलें. ब्रिटनच्या यादींत साम्राज्यांतील पलटणी असत. मुंबईचे भालाईत स्वार आणि मुंबईचें पायदळ हेही त्यांत होते. मराठी मुलुखांतील शिपाई अशा रीतीनें लंडनच्या पेटींत बंद होऊन इंग्रज मुलांच्या हातीं गेले.

तथापि पुतळे मांडणें निराळें आणि खेळणें निराळें. दिवाळींत आपल्याकडे मुलें मातीचा किल्ला रचून त्यावर मावळे मांडतात. ते मावळे गडाची शोभा वाढवितात, पण चाल करीत नाहींत. विलायतेंतील मुलेंही शिपाई मांडीत आणि तोफेनें पाडीत. यापलीकडे नियम फारसे नसत. सेनापतींचा खेळ आणि मुलांचे शिपाई यांची गांठ लोकप्रिय रीतीनें घालून देण्याचें श्रेय कादंबरीकार एच्. जी. वेल्स याजकडे जातें. १९१३ सालीं त्यानें ‘लिटल् वॉर्स’ हें छोटें पुस्तक लिहिलें. त्याच्या खेळाचें रणांगण म्हणजे खोलींतील जमीन. ठोकळ्यांचीं घरें, झाडांच्या डहाळ्यांचीं रानें. पायदळानें एका चालींत एक फूट आणि स्वारांनीं दोन फूट जावें. लांकडाची इंचभर गोळी उडविणारी स्प्रिंगची तोफ हें त्याचें मुख्य शस्त्र. नऊ यार्डांवरून तिचा नेम बहुधा चुकत नसे.

पुस्तकाच्या अखेरीस वेल्सनें जें म्हटलें आहे, त्यामुळें या खेळाच्या इतिहासांत तें अढळ झालें. त्याचा आशय असा, कीं ज्यांना युद्धाची हौस आहे, त्यांनीं ती जमिनीवर शिपाई मांडून भागवावी. येथें ना प्रेतें पडतात, ना गांवें जळतात. आणि जो हा खेळ खेळेल, त्याला खरें युद्ध किती अवाढव्य आणि किती मूर्खपणाचें असतें, तें आपोआप उमगेल. पुस्तक निघून एक वर्ष पुरतें होतें न होतें, तोंच १९१४ चें महायुद्ध पेटलें. आणि नियतीचा खेळ असा, कीं त्याच वेल्सनें त्या युद्धाचा, युद्धांचा अंत करणारें युद्ध म्हणून, पुरस्कार केला.

सेनापतींचा खेळ तर थांबलाच नव्हता. १९४२ सालीं मिडवेच्या लढाईपूर्वीं जपानी आरमारानें तो खेळून पाहिला. फुचिदा या अधिकाऱ्यानें लिहून ठेवल्याप्रमाणें फांशांनीं जपानचीं दोन विमानवाहू जहाजें बुडविलीं; परंतु पंचाच्या जागीं बसलेल्या वरिष्ठानें तो निर्णय फिरविला आणि एक जहाज पुन्हां तरंगूं लागलें. प्रत्यक्ष लढाईंत चार बुडालीं. फांसा खरें बोलला, तरी तें ऐकण्याची तयारी माणसाजवळ हवी.

दुसऱ्या महायुद्धानंतर या छंदाला नवें वळण लागलें. १९५७ सालीं अमेरिकेंत जॅक स्क्रुबी यानें या खेळाला वाहिलेलें नियतकालिक सुरू केलें. इंग्लंडमध्यें टोनी बाथ यानें प्राचीन काळच्या सैन्यांचे नियम तयार केले. पुढें रॉबर्ट हॉवर्डच्या अद्भुत कथांतील काल्पनिक भूखंड घेऊन त्यावर अनेक राज्यांची दीर्घ मोहीम मांडली. इतक्यांत टोल्कीनची १९५४-५५ सालीं निघालेली त्रिखंडात्मक कादंबरी १९६५ नंतर स्वस्त आवृत्तींत अमेरिकन विद्यार्थ्यांच्या हातीं पडली. १९७१ सालीं विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गांवचा गॅरी गायगॅक्स आणि त्याचा सहकारी जेफ पेरेन यांनीं ‘चेनमेल’ हें नियमपुस्तक काढलें. विषय मध्ययुगीन लढाया. पण शेवटीं जोडलेल्या कांहीं पानांत मांत्रिक, पऱ्या, राक्षस आणि अजगर यांचे नियम होते. हें पुरवणीचें प्रकरणच मूळ ग्रंथाहून अधिक गाजलें.

राक्षसांचे पुतळे मात्र बाजारांत नव्हते. गायगॅक्सनें दुकानांतील स्वस्त प्लॅस्टिकच्या विचित्र प्राण्यांची पिशवी आणली आणि त्यांना नांवें व शक्ति बहाल केल्या. त्यांतील कांहीं प्राणी पुढें त्या विश्वाचे कायमचे रहिवासी झाले. याच सुमारास डेव्ह आर्नेसन यानें प्रत्येक खेळाडूस सैन्याऐवजीं एकच पात्र दिलें. दोघांच्या सहकार्यानें १९७४ सालीं ‘डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स’ निघालें. पहिली आवृत्ति अवघ्या एक हजार प्रतींची होती. या खेळांत एक जण पंच होऊन बसतो, इतरांना दिसेल तेवढेंच सांगतो आणि बाकीचें झांकून ठेवतो. राइसवित्झचा पंच दीडशें वर्षांनीं कथेकरी होऊन परत आला होता.

मग पुतळ्यांचा धंदा झपाट्यानें वाढला. अमेरिकेंत राल पार्था, इंग्लंडमध्यें १९७८ च्या सुमारास ब्रायन ॲन्सेलच्या पुढाकारानें सिटाडेल हे कारखाने निघाले. लंडनमध्यें १९७५ सालीं तीन मित्रांनीं खेळांचे लांकडी पट विकण्यासाठीं काढलेली गेम्स वर्कशॉप ही संस्था सिटाडेलच्या पाठीशीं होती. पुतळे खपावयाचे, तर सैन्येंच्या सैन्यें लढविणारे नियम हवेत, हें ओळखून ॲन्सेल, हॅलिवेल आणि प्रीस्टले यांनीं १९८३ सालीं ‘वॉरहॅमर’ हा खेळ काढला. १९८७ सालीं त्याचाच दूर भविष्यकाळांतील अवतार आला.

पुतळा घडविण्याची रीत मोठी मनोवेधक आहे. शिल्पी प्रथम लांबीचा मूळ पुतळा हातानें घडवितो. रबराच्या दोन चकत्यांमध्यें तो दाबून उष्णतेनें रबर पक्कें करतात. हा सांचा गरगर फिरवून मध्यभागीं वितळलेला धातु ओतला, कीं चक्रगतीच्या जोरानें तो बारीकसारीक खांचांत शिरतो. रंगविण्याची कला तर त्याहूनही सूक्ष्म. एवढ्याशा पुतळ्यावर पडणारा प्रकाश मोठ्या देहावरच्या प्रकाशाप्रमाणें सांवल्या पाडीत नाहीं. म्हणून त्या रंगानेंच पाडाव्या लागतात. अस्तराचा हात, मूळ रंग, खांचांत उतरणारा पातळ काळसर रंग, उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें घासलेला फिका रंग, आणि अखेर डोळ्यांतील एक ठिपका. हा ठिपका चुकला, कीं शूर योद्धा तिरळा दिसतो. १९८७ पासून इंग्लंडमध्यें या कलेच्या स्पर्धा भरूं लागल्या.

पुढील काळांत शिशाच्या विषारीपणामुळें १९९० च्या दशकांत त्याचा वापर मागें पडला. प्लॅस्टिक आलें, आणि नंतर घरच्या घरीं पुतळे छापणारीं यंत्रेंही आलीं. पण या भरभराटीची दुसरी बाजू २०१५ सालीं दिसली. वॉरहॅमरच्या मालकांनीं त्या खेळाचें जुनें विश्व कथेंत नष्ट करून नवें आणलें. ज्यांनीं वर्षानुवर्षें रात्री जागून सैन्यें रंगविलीं होतीं, त्यांच्या पायांखालचा देशच नाहींसा झाला. जुन्या विश्वाचा खेळ २०२४ सालीं नव्या रूपांत परत आला. मधल्या काळांत कित्येकांनीं जुनीं पुस्तकें जपून आपले खेळ चालूच ठेवले. कल्पना विकतां येते; ती परत मागून घेतां येत नाहीं, असाच याचा अर्थ.

आतां मूळ प्रश्न उरतो तो हा, कीं मेजावरचें युद्ध माणसाला युद्ध शिकवितें, कीं युद्धापासून वांचवितें? इतिहासाची साक्ष दोन्ही बाजूंनीं आहे. राइसवित्झच्या मेजानें विजयी सेनापति घडविले. वेल्सच्या पुस्तकानें एकही तोफ थांबविली नाहीं. अद्भुत सैन्यांच्या समर्थकांचें म्हणणें असें, कीं त्यांच्या खेळांतील शत्रु कोणत्याही देशाचा नागरिक नसतो, त्यामुळें कोणाचा द्वेष त्यांत पोसला जात नाहीं. हें बव्हंशीं खरें आहे. पण एक अख्खी जमात जन्मतःच दुष्ट मानावयाची, ही कल्पना निरुपद्रवी नव्हे, असा आक्षेप खेळाडूंतूनच निघाला. आणि २०२० सालीं ‘डंजन्स ॲण्ड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनीं अशा जमातींचें चित्रण बदलण्याचें जाहीर केलें. राक्षसालाही मन असूं शकतें, हा विचार खेळांत शिरण्यास सेहेचाळीस वर्षें लागलीं.

मेजावरचा डाव संपतो, तेव्हां दोन्ही बाजूंचे मेलेले शिपाई एकाच हातानें उचलले जातात. कोणाचा भाला वांकलेला असतो, कोणाच्या ढालीचा रंग उडालेला असतो. मालक तो रंग पुन्हां लावतो आणि शिपायास पेटींत कापसावर निजवितो. पुढच्या रविवारीं तो उठून उभा राहणार असतो. खऱ्या रणांगणावर पडलेल्यास ही सवलत नाहीं; आणि वेल्सला जें सांगावयाचें होतें, तें एवढेंच होतें.